बरोबरीत सुटलेलं पुस्तक

माझ्या दूरदेशीच्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर जे विचारलंत त्याला मी "सावकाश सांगेन" म्हटलं, तेव्हा आजीनं विषय टाळला असं तुम्हाला वाटलं असेल. टाळला नव्हता. ते उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. दर दोन वाक्यांनी तुम्ही "हॅलो, ऐकू येतंय ना" म्हणता आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तशानं हे पुस्तक अजून मलकापूरच्या रस्त्यावरच राहिलं असतं.

तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या बाईंनी माझ्या लाल पुस्तकाचे फोटो पाहिले आणि त्यांना ते हवं आहे, हे मला समजलं. त्यांचे दोन प्रश्नही समजले. हे पुस्तक कोणाकडून कोणाकडे आलं, हा पहिला. इंग्रजीत त्याला प्रोव्हनन्स म्हणतात, हे मला ठाऊक आहे. दुसरा असा की ते मधोमध कोणी कापलं. हे काम एखाद्या चोराचं किंवा अडाणी माणसाचं असावं, असंही त्यांनी लिहिलं आहे म्हणे. ते वाचून मला झोंबलं. त्या कापण्याला जे जे हजर होते ते सगळे आता गेले, आणि त्यांच्या बाजूनं बोलायला मीच काय ती उरले आहे. म्हणून हे आत्ताच लिहायला घेतलं.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि नोकरीभर मुलींना इंग्रजीच शिकवलं. तरी हे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत एक परिच्छेद लिहून पाहिला, पण त्यातला शब्दन् शब्द खरा असून वाचताना सगळं खोटं वाटायला लागलं.

तर आधी पुस्तकाचे मालक. आमच्या पेठेतल्या घराच्या माडीवर एक संगीतकार भाड्यानं राहत. नाटक कंपनीत त्यांचं आयुष्य पेटी वाजवण्यात गेलं होतं. कंपनी बुडाली तेव्हा ते इथल्या एका सिनेमा स्टुडिओत चाली बांधायला लागले. सगळी पेठ त्यांना मास्तर म्हणायची. अंगानं इतके बारीक की वारा सुटला की आई म्हणायची, मास्तरांच्या खिडक्या लावून घ्या. एकटेच होते. सोबतीला एक पेटी आणि एक कपाट.

ते कपाट कंपनीच्या सामानातलं होतं. नाटकात त्यातून खलनायक बाहेर यायचा, म्हणून त्याला आतून कडी होती. मास्तरांनी त्यात पुस्तकं लावली. गाण्याची, नाटकांची, आणि एक फारसी भाषेचं व्याकरण, जे त्यांना वाचता येत नव्हतं पण त्याची बांधणी त्यांना आवडायची. सगळ्यांना सिनेमाच्या जाहिरातींचे कागद घालून वेष्टणं केलेली. त्यामुळे कपाट उघडलं की नट्यांचे अर्धे अर्धे चेहरे एका ओळीत उभे दिसायचे. प्रत्येक पुस्तकावर मास्तरांचा रबरी शिक्का असे. वर वीणा आणि खाली अक्षरं: "हे पुस्तक येथेच बसून वाचावे."

हा कायदा कोणासाठीही वाकला नाही. माझे वडील वकील, शिवाय घराचे मालक, पण त्यांनाही हात धुऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर चटई टाकून वाचावं लागे. आई म्हणायची, स्वतःच्या जिन्यात भाडेकरूच्या परवानगीनं बसणारा कोल्हापुरातला हा एकच मालक. मीही कॉलेजातून आले की त्या पायरीवर बसायची. मास्तरांचं बहुतेक कपाट मी त्या चटईवर वाचून काढलं.

आता मास्तरांवर आलेली वेळ सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

स्टुडिओत एक पौराणिक चित्रपट चालला होता. वनवासाला निघताना सीता पहाटे अंगणाचा निरोप घेते, तिथं गाणं हवं होतं. मास्तरांनी उत्साहाच्या भरात आपल्या गुरूंची जोगिया रागातली एक चीज, म्हणजे बंदिश, दिग्दर्शकाला ऐकवली. चिजेचे दोन भाग असतात. आधी अस्थाई, मग अंतरा. घराला सोपा आणि माजघर असतं तसं समजा. मास्तरांनी सोपा दाखवला. दिग्दर्शकांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी त्यावर प्रसंगही बेतला आणि म्हणाले, आता माजघर दाखवा. ते मास्तरांकडे नव्हतं.

झालं होतं असं की मास्तर लहानपणी गुरूंच्या घरी राहून शिकत होते. गुरूंनी एका संध्याकाळी अस्थाई दिली. त्याच रात्री मास्तरांनी देवघरातल्या नैवेद्याच्या पेढ्यांना हात लावला. सकाळी गुरू म्हणाले, अंतरा बंद. ती शिक्षा उठायच्या आत मास्तरांना नाटक कंपनीनं उचललं आणि पुढं गुरूच वारले.

"मग तुम्हीच बांधा की अंतरा," मी पायरीवरून म्हटलं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "लोकाच्या घरावर आपली माडी चढवायची? आणि वर त्यांनाच विचारायचं, कशी दिसते म्हणून?"

दिग्दर्शकांनी दसऱ्यापर्यंतची मुदत दिली. तोवर गाणं पुरं झालं नाही तर ते काम दुसऱ्याकडे जाणार होतं. आणि तो दुसरा, मुंबईचा एक तरुण, आधीच स्टुडिओच्या आवारात चहा पिताना दिसायला लागला होता. मास्तर रोज येऊन सांगत, आज त्यानं दोनदा घेतला.

तो अंतरा जगात एकाच ठिकाणी लिहिलेला असणार, हे मास्तरांना माहीत होतं. त्यांचे गुरू तरुणपणी मलकापूरच्या अलीकडच्या एका गावी इनामदारांच्या पदरी होते. त्या वेळच्या इनामदारांना गाण्याचा भारी षोक. त्यांनी गुरूंच्या सगळ्या चिजा स्वरलिपीत लिहवून घेतल्या, शिळाछापावर त्यांची पुस्तकं छापली, लाल मखमलीत बांधली आणि दसऱ्याला सोनं वाटावं तशी सोयऱ्यांना वाटली. सोयऱ्यांना गाण्याचा गंध नव्हता. कोणी त्याचं बाड मुलांना खेळायला दिलं, कोणाच्या घरी वाळवीनं ते संपवलं. इनामदारांच्या घरची तेवढी एक प्रत शिल्लक होती. मास्तरांनी ती लहानपणी पाहिली होती.

मास्तर रत्नागिरी रस्त्याच्या मोटारीत बसले, धूळ खात त्या गावी गेले आणि त्यांच्या नातवापुढं, म्हणजे आताच्या इनामदारांपुढं, हात जोडून उभे राहिले.

"पुस्तक होतं खरं," इनामदार म्हणाले. "पण आत्ताच्या जत्रेत ते दोन नंबरच्या कुस्तीला लावलं."

तेव्हा आपलं संस्थान नुकतंच मुंबई इलाख्यात विलीन झालं होतं. इनामदारांकडं येणारा पैसा आटला होता, पण चैत्रातली जत्रा थोडीच थांबते. कुस्त्यांच्या मैदानात इनाम मांडलं नाही तर घराण्याचं नाक जाईल, म्हणून त्यांनी घरातलं सामान टेबलावर मांडलं. शिंगांसकट सांबराचं डोकं, बिनकाट्यांचं घड्याळ, चांदीचा मुलामा उडालेली पिकदाणी आणि हे लाल पुस्तक. एक नंबरवाल्यानं सांबर उचललं आणि मोटारीच्या टपावर आपल्या शेजारी बसवून नेलं. दोन नंबरची कुस्ती मारणारा पैलवान मूळचा कोडोलीचा. घड्याळ चालत नाही हे त्यानं पाहिलं, पिकदाणी नको म्हणाला, आणि लाल मखमल नि सोनेरी कडा बघून ही पोथीच असणार म्हणून त्यानं पुस्तक घेतलं. त्याच्या आईनं मात्र बरेच दिवस धोशा लावला होता की बंद असलं तरी घड्याळच आणायचं, भिंतीला शोभलं असतं.

हा पैलवान राहायला कुठं, असं मास्तरांनी विचारलं. इनामदारांनी आमच्या पेठेतल्या तालमीचं नाव सांगितलं.

ती तालीम आमच्या परसामागंच होती. आमच्या मागच्या सज्जातून तिचं अंगण आणि हौद्याचं, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खोलीचं, दार दिसायचं. म्हणजे मास्तर ज्यासाठी डोंगरापर्यंत जाऊन आले ते पुस्तक मधले पंधरा दिवस त्यांच्या उशापासून हाकेच्या अंतरावर होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर वडिलांना घेऊन तालमीत गेले. बायकांना तिथं जाता येत नसे, म्हणून आत काय झालं ते वडिलांनी जेवताना सांगितलं तसं सांगते. पैलवानानं दोघांना घोंगडीवर बसवलं आणि बदामाची थंडाई दिली. पुस्तक मारुतीशेजारच्या कोनाड्यात होतं. त्याला रोज उदबत्ती लागत होती आणि मखमलीवर शेंदराचं बोट उमटलं होतं. ते पाहून मास्तर थंडाई ठेवून थेट कोनाड्याकडे गेले. तालमीचे वस्ताद म्हणजे तिथले गुरू, सत्तरीचे, पण मनगट लोखंडाचं. त्यांनी मास्तरांचा हात मधेच धरला.

"माती न लागल्या हातानं शिवायचं न्हाई," ते म्हणाले.

मास्तरांना तो अपमान वाटला. मागं येऊन ते पैलवानाला म्हणाले, "हे पुस्तक मला द्या. बदल्यात माझ्याकडचं हवं ते घ्या. पेटी सोडून."

पैलवान बिचारा अवघडला. "मास्तर, दुसरं कायबी मागा. इनाम हाय ते. कुस्तीत आलेलं कुस्तीतच जातंय."

वडील वकिलीवर आले. दान, बक्षीस, अदलाबदल, सगळ्याचा कायदा त्यांनी सांगितला. वस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वकीलसाहेब, कोर्ट तिकडं भवानी मंडपापल्याड हाय. ही तालीम हाय."

"म्हणजे मी कुस्ती खेळायची?" मास्तरांनी विचारलं. ते थट्टेनं म्हणाले होते. पण तालमीत त्या वाक्याला कोणी थट्टा म्हणत नसावं. वस्तादांनी त्यांच्या दंडाला हात लावून पाहिला आणि कुस्तीला नागपंचमी ठरवली.

पैलवानानं तिथंच सांगून टाकलं की तो लुटुपुटीची कुस्ती धरणार नाही. त्याला नुरा कुस्ती म्हणतात, आधीच ठरवून हरायचं. "पाडून घेतलं तर मारुतीला तोंड काय दावू?" असं त्याचं म्हणणं. मास्तरांनाही ते पटलं. फसवून आणलेलं पुस्तक त्यांच्या कपाटात बसलंच नसतं.

मग आमच्या सज्जाला दिवस चांगले आले. पहाटे मी पुस्तक घेऊन तिथं बसे आणि पानं उलटायला विसरे. मास्तर लंगोट लावून, अंगाला तांबडी माती फासून बैठका मारायचे. पण सोळा झाल्या की थांबायचे. वस्ताद म्हणत, सतरावी. मास्तर म्हणत, सतरावी नसते, सम आली, आता पुन्हा एक. आणि ते खरोखर पुन्हा एकपासून सुरू करत. सोळा मात्रांच्या तीनतालात वाढलेल्या माणसाला सतरावी मात्रा सापडत नव्हती. वस्तादांनी आधी शिव्या दिल्या, मग हार मानली. आषाढापर्यंत सगळी तालीम सोळाच्या आवर्तनात जोर मारायला लागली होती.

आईनं त्यांच्यासाठी साजूक तूप वेगळं काढून ठेवायला सुरुवात केली. वस्ताद त्यांना संध्याकाळी दूध कट्ट्यावर नेत, म्हैस समोर पिळून घेत आणि फेसासकट प्यायला लावत. एवढं करून मास्तर काही जाड झाले नाहीत. पण त्यांचा दम मात्र वाढला. पूर्वी जिथं दोनदा श्वास घ्यायचे ती तान ते एका श्वासात घ्यायला लागले. इकडं स्टुडिओतला मुंबईकर आता चहाबरोबर भजीही खाऊ लागल्याची बातमी होती.

वस्तादांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली. पाठ मातीला लागली की हरला, म्हणून पाठ लागू द्यायची नाही. पालथं पडायचं, हातपाय पसरायचे आणि माती धरून ठेवायची. डाव शिकवण्यात अर्थ नव्हता हे वस्तादांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

नागपंचमीला कुस्तीसाठी तालमीच्या अंगणातच माती पसरली आणि अंगण माणसांनी भरलं. सज्जात मी, आई आणि शेजारच्या चार बायका. आई पदराआडून बघत होती, पण पदर बराच वर धरला होता. हलगी वाजायला लागली. मास्तरांनी चष्मा काढून वडिलांकडं दिला आणि बाहेर येऊन सलामी ठोकली ती अंगणातल्या खांबाला. पैलवानानं हलकेच त्यांचे खांदे धरून आपल्याकडं वळवलं.

झटापट म्हणण्यासारखं काही झालंच नाही. पैलवानानं हात लावला आणि मास्तर पालथे पडले. पडले ते घोरपडीसारखे चिकटले. दहा बोटं मातीत रुतवलेली. पैलवानाला त्यांना उलटं करणं म्हणजे पोळी उलटण्यासारखं होतं, पण त्यासाठी आधी ती बोटं उपसायला हवी होती. तो एकदा या बाजूनं आला, एकदा त्या बाजूनं. त्यानं एक बोट धरलं आणि सोडून दिलं.

"मास्तर, बोटं आत घ्या की. मोडतील."

"मोडू देत," मातीतून आवाज आला.

"मग पेटी कोन वाजवनार?"

मास्तरांनी बोटं आणखी रुतवली. हलगीवाल्यानं लय वाढवली तेव्हा मात्र मास्तरांनी मान वर करून त्याला दटावलं की तुझी सम घसरते आहे. पैलवान घामाघूम झाला. त्याच्या ताकदीचा माणूस त्या मैदानात दुसरा नव्हता, आणि समोरच्याचं बोट मोडेल या भीतीनं त्याला काही करता येत नव्हतं. त्यात लबाडी नव्हती. मी वरून त्याचा चेहरा पाहत होते. इतकं मनापासून अडलेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. ठरलेला वेळ संपला, वस्तादांनी काठी मध्ये घातली आणि सांगितलं, कुस्ती बरोबरीत.

अंगणात मोठा आरडाओरडा झाला. वडील मास्तरांना चष्मा घालत होते. आणि मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. बरोबरीत सुटलेल्या कुस्तीचं इनाम दोघांत निम्मं निम्मं होतं. तसा रिवाज आहे, आजही आहे.

वडील म्हणाले, पुस्तक निम्मं कसं करणार. वस्ताद म्हणाले, बरोबरी झाली की इनाम निम्मं होतंच, मग ते काय बी असो. आमच्याकडं विळी मागायला माणूस आला. आईनं सज्जातूनच सांगितलं की माझ्या विळीनं सरस्वती चिरायची नाही. तेव्हा समोरच्या चप्पल शिवणाऱ्याला त्याची रापी घेऊन बोलावलं. वस्तादांनी त्याला बजावलं की पान फाटता कामा नये, शिवण उसव. त्यानं पुस्तक बरोबर मध्यावर उघडलं, चपलेचा तळ सोडवावा तसे टाके एकेक सोडवले आणि वरची मखमल शेवटी एका ओढीत कापली. तुमच्या ग्रंथालयाच्या बाईंना सांगा, कापणी इतकी स्वच्छ आहे ती यामुळे. अडाण्यानं केलं असतं तर पानं लोंबली असती.

पहिल्या पानावर गणपतीचं चित्र होतं, म्हणून पुढचा अर्धा भाग पैलवानाला दिला. मागचा मास्तरांना.

पण पुस्तक मध्यावर उघडलं होतं तेव्हा मास्तरांनी ते पाहिलं होतं. उजव्या पानावर जोगियातली ती अस्थाई. अंतरा अर्थातच त्याच पानाच्या मागं. पण शिवणीचा जोड त्या पानाच्या पुढं होता, म्हणून ते पान पैलवानाच्या अर्ध्याचं शेवटचं पान ठरलं. मास्तरांचा अर्धा भाग त्याच्या पुढच्या चिजेपासून सुरू होत होता, आणि ती पाळण्यातल्या मुलासाठी होती.

 जिंकायच्या खात्रीनं मास्तरांनी शिक्का आणि शाईची गादी फडक्यात बांधून आणली होती. ती त्यांनी सोडली, आपल्या अर्ध्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का मारला आणि तिथंच हौद्याच्या दारात बसून राहिले. मातीनं माखलेले, चष्म्याला एक काच धुळीची. आई हळूच म्हणाली, गेली गं त्या माणसाची नोकरी.

पैलवान त्यांच्याजवळ बसला. काही तरी बोलायचं म्हणून त्यानं शिक्क्याकडं बोट केलं. "हे काय लिवलंय?"

वडिलांनी वाचून दाखवलं. "हे पुस्तक येथेच बसून वाचावे."

पैलवानाला हसू आलं. "म्हंजे आमच्यागतच की. न्यायचं न्हाई, बसून वाचायचं."

मास्तरांनी मान वर केली. "म्हणजे तुमचं पुस्तक इथं बसून वाचता येतं?"

"ज्याला माती लागली त्यानं कवाबी वाचावं," वस्ताद म्हणाले. "तुमास्नी काय, पैल्या दिसापास्नं लागलीया."

"मग सांगितलं का नाही मला?"

"तुमी वाचू का म्हनून इचारलंसा कवा? तुमी म्हनलासा, द्या."

अंगणात कोणी हसलं नाही, पण सज्जात आई हसली. आयुष्यभर ज्यांनी एकही पुस्तक घराबाहेर जाऊ दिलं नाही, त्या मास्तरांना दुसऱ्याचं पुस्तक दुसऱ्याच्या घरी बसून वाचावं हे चैत्रापासून श्रावणापर्यंत सुचलं नव्हतं. आणि आमच्या वकिलांनाही नाही, जे रोज जिन्यात बसून तेच करत होते.

मास्तरांनी हात धुतले. वस्तादांनी त्यावर पुन्हा चिमूटभर माती लावली. मग ते पालथी मांडी घालून बसले, पान उलटलं, आधी नुसते ओठ हलवले आणि मग गायले. अंतरा लहानसाच होता. त्यात एकही हरकत की मुरकी नव्हती, नुसता वर जाऊन थोडा थांबून परत येत होता. हलगीवाला हलगी पोटाशी धरून उभा राहिला. मास्तरांनी तो दुसऱ्यांदा गायला तेव्हा त्या बैठकांच्या दमावर एका श्वासात गायला. संपल्यावर ते पुस्तकालाच म्हणाले, "एवढ्यासाठी पेढे खाल्ले नसते तर काय बिघडलं असतं."

दसऱ्याच्या आत गाणं झालं. मुंबईकर चहा पिऊन परत गेला. चित्रपट इथल्या टॉकीजला लागला तेव्हा सगळी तालीम पुढच्या बाकांवर होती. सीता अंतऱ्यावर आली आणि वस्ताद अंधारात उभे राहून मागच्यांना म्हणाले, "आमच्या तालमीतलं हाय ह्ये." मागच्यांनी त्यांना खाली बसवलं. मास्तर पुढंही रोज सकाळी तालमीत जात, हात मातीला लावत आणि पुढच्या अर्ध्यातलं एक पान वाचून येत. पैलवान कधी संध्याकाळी आमच्या जिन्यात येऊन मागच्या अर्ध्यातली चित्रांची पानं बघे. हात धुऊन.

पुढं काही वर्षांनी इथले स्टुडिओ थंडावले आणि मास्तरांना मुंबईला जाणं भाग पडलं. त्याच सुमाराला माझं लग्न ठरलं, इथंच, दोन पेठा सोडून. कपाट त्यांनी बरोबर नेलं. पण लाल पुस्तकाचा अर्धा भाग मला द्यायचं ठरवलं. दोन अर्धे एका गावात तरी राहावेत, म्हणाले, आणि जिन्यात बसून सगळ्यात जास्त वाचलं ते हिनं.

पण इनाम ते, आहेरात कसं देणार? हळदीच्या दिवशी पैलवान मास्तरांबरोबर आला, विड्याच्या पानात तालमीची माती बांधून. त्यानं ती माझ्या हळदीच्या तळव्यावर लावली आणि म्हणाला, "ताई, कुस्ती न्हाई तर पंजा तरी हुयाच पायजे. आनि नुरा चालनार न्हाई." आईनं कपाळाला हात लावला. मी आणि मास्तर पाटावर समोरासमोर बसलो, कोपर टेकले आणि पंजा लावला. मास्तर खरोखर जोर लावत होते. बैठका त्यांनी सोडल्या नव्हत्या. माझा हात कलायला लागला आणि हातातला हिरवा चुडा करकरला. मास्तरांनी तो आवाज ऐकला. लग्नाआधी चुडा फुटतो की काय, म्हणून त्यांचा जोर गेला आणि त्यांचा हात पाटाला लागला.

वडील म्हणाले, ही काही खरी जीत नव्हे. पैलवानानं मान हलवली. "खरी हाय, वकीलसाहेब. नागपंचमीला माजं असंच झालंतं."

मग त्यानं मला सांगितलं की माती लागली, आता पुढचा अर्धा भागही मी कधीही येऊन वाचू शकते. तालमीत बायकांना मनाई, म्हणून तो माझ्यासाठी पुस्तक दारात आणून धरायचा. पुढं तो कोडोलीला परत गेला तेव्हा मी वर्षातून एकदा तिथं जाऊन वाचून यायची.

तेव्हा ग्रंथालयाच्या बाईंना कळवा की पुस्तक पाठवता येणार नाही. त्यांनी इथं येऊन वाचावं. चटई मी घालीन. तुम्हा दोघांपैकी कोणाला हवं असेल तर त्यानं येऊन माझ्याशी पंजा लावावा. माझं मनगट आता दुखतं, तेव्हा फार कठीण जाणार नाही. पण जो जिंकेल त्याला वर्षातून एकदा कोडोलीला जावं लागेल.

तो चित्रपट आता कुठं मिळत नाही. त्या गाण्याची तबकडी निघाली नव्हती. मास्तरांच्या कपाटाचं मुंबईत काय झालं, मला माहीत नाही. पुस्तकाचा मागचा अर्धा भाग, शिक्क्यासकट, माझ्या लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे. पुढचा अर्धा भाग कोडोलीला पैलवानाच्या नातवाच्या घरी, देव्हाऱ्याशेजारी आहे, आणि त्याच्या शेवटच्या पानामागं तो अंतरा आहे. ते वाचायला लागणाऱ्या, हळदीच्या दिवशी आणलेल्या मातीची चिमूट माझ्या कुंकवाच्या डबीत आहे.